ट्रिप कुणाची, पैसे कुणाचे

बेळगावात घराची दुरुस्ती काढलेल्या माणसाला 'यंदा कुठं ट्रिप?' असं विचारू नये. तो चिडत नाही, हिशेब सांगायला लागतो. वाळूच्या इतक्या, खडीच्या तितक्या, राडारोडा उचलायच्या राहिल्यात त्या वेगळ्या.

वाळू, खरं तर, ब्रासवर मोजायची असते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पण गाडीवाल्याच्या तोंडी ब्रास येत नाही, त्याच्याकडं फक्त ट्रिप, म्हणजे गाडीची एक खेप. ट्रिपेत माल किती, असं विचारलं की "फुल्ल असतंय की ओ!" फुल्ल म्हणजे ट्रॉलीच्या फळीपर्यंत की वर ढीग करून, हे प्रत्येक गाडीवाल्याच्या त्या दिवशीच्या मूडवर. त्यात ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर धरला की तीच वाळू जास्त जागा व्यापते आणि वाळली की बसते. सकाळी दारात पडलेला डोंगर संध्याकाळी टेकडी होतो तो असा. गौंडी म्हणतो वाळू कमी आली, गाडीवाला म्हणतो फुल्ल होती, आणि दोघंही खरं बोलतात. पैसे तेवढे माझे जातात.

पाण्याचंही तेच. नळ कोरडा पडला आणि संप, म्हणजे जमिनीतली पाण्याची टाकी, रिकामा झाला की टँकरवाल्याला फोन. तो प्रत्येक वेळी "बंदे री, बंदे री" म्हणतो. कन्नडमध्ये याचा अर्थ 'आलो' असा आहे, पण त्याच्या तोंडी तो 'अजून निघालो नाही' असा असतो. पुढं मराठीत पुरवणी येते, "शहापूरची एक ट्रिप टाकून येऊलालो." शहापूरची झाली की वडगावची. त्या दोन ठिकाणी टँकर रोज नुसता फिरत असावा, असा माझा संशय आहे.

एकदा ऑफिसात होतो. बायकोचा फोन आला.

"अहो, ट्रिप झाली."

"झाली? मग संप भरला पूर्ण?"

"पाण्याची नव्हं, लाइटची! मीटरजवळचा खटका, ते एमसीबी, ट्रिप होऊलालंय सारखं. संपात पाणी आहे, मोटर चालू केली की खटका पडतोय."

"मग टँकर परत पाठव."

"पाठवू कसं? त्याच्या मागं वाळूवाला ट्रिप घेऊन उभा राहिलाय. हा बाहेर जाईना, तो आत येईना. गल्लीत दोघांचं लागलंय. आणि शाळेतनं निरोप आलाय, ट्रिपचे पैसे आजच भरायचेत."

शेजारच्या टेबलवरचे साहेब कौतुकानं माझ्याकडं बघत होते. एका फोनमध्ये चार वेळा ट्रिप ऐकून त्यांना मी दुबईला निघालोय असं वाटलं असावं.

घरी पोचलो तेव्हा वायरमन स्टुलावर चढून आम्हा सगळ्यांना शिकवणी देत होता. एमसीबीत दोन धातूंची एक जोडपट्टी असते. जास्त करंट वाहत राहिला की ती तापते, वाकते आणि खटका पाडते. शॉर्ट झालं तर मात्र तापायची वाट बघत नाहीत, आतली चुंबकाची गुंडाळी तिथल्या तिथं खटका ओढते. "म्हणजे बघा साहेब, ट्रिप होणं चांगलंच. ट्रिप नाही झाली तर घर जळतंय." घरात भल्यासाठी होणारी ही एकच ट्रिप, म्हणून मी तिला मनोमन नमस्कार केला. मग त्यानं मोटरचं वाइंडिंग गेल्याचं सांगून आकडा सांगितला आणि नमस्कार मागं घेतला.

इंग्रजांकडं या शब्दाच्या अर्थांचा क्रम निराळा. त्यांच्याकडं 'ट्रिप' म्हणजे आधी हलक्या पावलांनी नाचणं, मग पाय अडखळणं. छोटा प्रवास हा अर्थ बराच नंतरचा, सतराव्या शतकातला, तोही आधी दर्यावर्दी लोकांच्या बोलण्यातला. साहेब आधी नाचला, मग ठेचकाळला, मग फिरायला निघाला. आमच्याकडं दर सांगितला की ठेच लागते, नाचतो तो गाडीवाला.

शाळेची ट्रिप ठरली होती गोकाक धबधब्याला. मी म्हटलं, घटप्रभेचं पाणी उंचावरनं पडताना बघायला एवढे पैसे? मुलगी म्हणाली, "बाबा, त्यात नाष्टा आहे." धबधबा फुकट, उप्पीट महाग, असा तो हिशेब निघाला. शिवाय वरखर्चाला द्यायचे ते वेगळे, कारण गोकाकला जाऊन तिथली मिठाई, करदंट, न आणणं हा आमच्याकडं गुन्हा आहे.

आता राहिल्या आत्या. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला आणि आत्यांच्या पायाला भिंगरी लागली. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. ते आत्या देवघरात जपून ठेवतात. सौंदत्ती झाली, धर्मस्थळ झालं. अडचण आली ती लेकीच्या घरची. लेक दिली चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीला ही सवलत नाही. तिकडच्या एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पण तेही तिकडच्या हद्दीपुरतं. सीमाप्रश्न इतकी वर्षं कोर्टात पडलाय, आत्यांनी तो आपल्यापुरता मिटवला. बेळगावहून हद्दीवरच्या बाचीपर्यंत शून्य तिकीट, तिथं उतरायचं, पिशवी काखेत मारून चालत पलीकडची, महाराष्ट्रातली शिनोळी गाठायची आणि पुढं अर्धं तिकीट. "दोन्ही सरकारांचं खाल्लं बघ," असं त्या शिनोळीतनं फोन करून मला सांगतात. त्यांचा मोबाइल तिकडं रेंज सोडतो, म्हणून तो फोन दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरनं येतो.

परवा त्यांनी म्हैसूर काढलं. गाडी पहाटेची. माझी स्कूटर पंक्चर, म्हणून कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला उठवलं. स्टँडपर्यंत किती, म्हटल्यावर त्यानं डोळे चोळत आत्यांच्या तीन पिशव्या मोजल्या.

"एवढ्या पहाटे येताना रिकामाच येणार की ओ मी. डबल ट्रिप धरा."

"अरे, मी येतोय की परत तुझ्याबरोबर!"

"मग तर झालंच," तो म्हणाला, "रिटर्न ट्रिपला पॅसेंजर आहे. त्याचे वेगळे द्या."

आत्या मागं ऐसपैस बसल्या होत्या. "दे रे लवकर," त्या म्हणाल्या, "माझं तिकीट तर फुकटच आहे."