129 मतं आणि हुकलेले 30 दिवस

वकीलसाहेब, नमस्कार.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या माजी गव्हर्नर ख्रिस्टीन ग्रेग्वार यांच्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही "ही तर आरती झाली" असं लिहिलंत. तुमचे आक्षेप तीन. अ‍ॅटर्नी जनरलचं, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाचं, पद त्यांनी गव्हर्नर होण्याची शिडी म्हणून वापरलं. ज्यांच्या ऑफिसने अपिलाची मुदत घालवली त्यांना मी 'कसलेल्या वकील' म्हटलं. आणि 2004 ची गव्हर्नरपदाची निवडणूक त्यांनी "मनासारखा आकडा येईपर्यंत मोजून" जिंकली. आधी दुसरा घेतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंय.

मुदतीची भानगड मी लेखातून गाळली होती. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन गावात, राज्याने परवाना दिलेल्या एका निवासगृहात, बौद्धिक अक्षमता असलेल्या तीन पुरुषांवर अत्याचार झाले. राज्याने देखरेखीत हयगय केली म्हणून 2000 मध्ये ज्यूरीने 1 कोटी 78 लाख डॉलरची भरपाई ठोठावली. अपिलाला 30 दिवस होते. ग्रेग्वार यांच्या ऑफिसने ते दवडले. अपील न्यायालयाने उशीर माफ करायला साफ नकार दिला. आपल्याकडे मुदत कायद्याचं कलम 5 आहे, विलंब माफीचा अर्ज आहे, 'फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती' हे सरकारचं पाठ झालेलं कारण आहे. ते किती वेळा चालून जातं हे तुम्हाला मी काय सांगणार! तिथे चाललं नाही. आपल्याला हे उशिरा कळलं, असं ग्रेग्वार यांचं म्हणणं होतं. ते खरं धरलं तरी ज्या ऑफिसच्या दारावर आपलं नाव आहे, तिथली तारखांची वही नीट लिहिली जाते की नाही हे बघणं हेच त्या पदाचं काम. तंबाखू कंपन्यांशी झालेल्या तडजोडीचं श्रेय एकट्या बाईंच्या पदरात घालायचं आणि मुदत चुकली की कारकुनाकडे बोट दाखवायचं, हे मी केलं. चूक कबूल.

मात्र 'कसलेल्या' हा शब्द मागे घेत नाही. 23 नोव्हेंबर 1998 ला 46 राज्यांनी सिगारेट कंपन्यांशी जो करार केला, पहिल्या 25 वर्षांत 20,600 कोटी डॉलरचा, त्याच्या वाटाघाटीत राज्यांच्या बाजूने पुढे होत्या त्या ग्रेग्वार. रस्त्यावरचे जाहिरातीचे मोठे फलक उतरले, जाहिरातीत कार्टून वापरायला बंदी आली. आई हॉटेलात स्वयंपाकीण, स्वतःची पहिली सरकारी नोकरी टायपिस्टची, आणि समोर बसलेली वकिलांची फौज कसली, तर तंबाखू कंपन्यांची. पुढे 2002 मध्ये वॉशिंग्टन राज्याने आपल्या हिश्श्यातल्या काही रकमेवर रोखे काढून बजेटचं भगदाड बुजवलं, हा राग योग्यच. पण तो विधिमंडळावर काढा.

शिडीबद्दल वाद नाही. उलट तुमच्या हातात आणखी दारूगोळा देतो. ग्रेग्वार यांच्या आधीचे अ‍ॅटर्नी जनरल केन आयकेनबेरी 1992 मध्ये गव्हर्नरपदाला उभे राहून पडले. नंतरचे रॉब मकेना 2012 मध्ये पडले. त्यानंतरचे बॉब फर्ग्युसन 2024 मध्ये निवडून आले. ओळीने चार! आपला महाधिवक्ता घटनेच्या 165 व्या कलमानुसार राज्यपाल नेमतात, त्याला मतं मागायला जावं लागत नाही. तिथला अ‍ॅटर्नी जनरल लोक निवडतात, आणि गव्हर्नर म्हणजे आपल्या हिशेबाने मुख्यमंत्रीच. मतं मागून वकील झालेला माणूस पुढे आणखी मतं मागणारच. यात ग्रेग्वार यांचं वेगळं काय?

तिसरा आक्षेप मात्र अजिबात मान्य नाही.

2004 च्या त्या निवडणुकीत सुमारे 28 लाख मतं पडली. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डिनो रॉसी 261 ने पुढे, यंत्रावरच्या फेरमोजणीत 42 ने. हातमोजणीत ग्रेग्वार 129 ने पुढे. ही आघाडी 129 पर्यंत गेली ती कशी, हे जवळून बघा. किंग काउंटीच्या (सिएटल शहर ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या) कौन्सिलचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स बाद मतांची यादी चाळत होते आणि त्यात त्यांना स्वतःचंच नाव दिसलं. टपाली मताच्या पाकिटावरची सही ताडायला संगणकात त्यांची जुनी सहीच नव्हती, म्हणून मत बाजूला काढलेलं. शोध घेतल्यावर अशी 573 पाकिटं निघाली. ती तपासून मोजायला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. (मी सिएटलजवळ राहतो, इथे आता मतदान टपालानेच होतं. पाकिटावर सही करताना फिलिप्स आठवतात आणि मी मराठीतली माझी वळणदार सही जरा जपूनच करतो.) अंतिम निकालावर शिक्कामोर्तब करणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याचे निवडणूक प्रमुख) सॅम रीड रिपब्लिकन होते, हे तुमच्या नजरेतून सुटलंय.

अपात्र मतं फरकापेक्षा जास्त होती, हे तुम्ही म्हणता ते खरं. रिपब्लिकन पक्षाने स्वतःला सोयीचं कोर्ट निवडलं, सफरचंदांच्या बागांमधलं वेनाची गाव. तिथे न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी 1,678 बेकायदा मतं मोजली. पण ती कुणाला पडली? ज्या भागात ज्याचं पारडं जड, त्याच प्रमाणात वजा करा, असा रॉसींच्या बाजूचा आग्रह होता. न्यायाधीशांनी तो नाकारला, कारण शेजाऱ्यांनी कुणाला मत दिलं यावरून एखाद्याचं मत ठरवता येत नाही. पुराव्यानिशी जी हाती लागली त्यात चार मतं निघाली रॉसींचीच. ती वजा झाली आणि 6 जून 2005 ला फरक 129 चा 133 झाला! रॉसींनी वर अपील केलं नाही. या वेळी मुदत कुणाची चुकली नव्हती.

हातमोजणीचे पैसे कुणी भरले, हेही तुम्ही खोचकपणे विचारलंय. डेमोक्रॅटिक पक्षाने, सुमारे 7 लाख 30 हजार डॉलर अनामत. निकाल फिरला, त्यामुळे कायद्याप्रमाणे ती परत मिळाली. ब्रेमर्टनचा परिच्छेद मूळ लेखात आज घातला आहे, तेवढा एकदा बघून घ्या.