निकेल बाथबद्दलच्या तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की आमचं ब्राइटनर (चमक आणणारं रसायन) सुरू केल्यापासून महिन्याभरात बाथ (निकेल प्लेटिंगचं द्रावण) बिघडला, जॉबवर (प्लेटिंगच्या वस्तूंवर) बारीक खड्डे आणि आतल्या कोपऱ्यांत काळपटपणा आला, वरून आम्ही 1000 लिटरची टाकी दोन दिवस बंद ठेवायला लावली. लाइन बंद पडली की पार्टीचा माल अडतो, त्यामुळे राग येणं साहजिक आहे. पण दोष ब्राइटनरचा नाही. ते इथे सविस्तर लिहितो, कारण नागपूरजवळच्या हिंगण्यात आणि बुटीबोरीत इतरांनाही हाच त्रास होतो.

तुमच्या सॅम्पलमध्ये बोरिक अ‍ॅसिड लिटरला 27 ग्रॅम निघालं. ते 40 ते 45 हवं. बोरिक कमी असलं की जॉबच्या पृष्ठभागालगत पीएच चढतो, कडा जळतात, खड्डे पडतात. गार बाथमध्ये टाकलेलं बोरिक विरघळत नाही, तळाशी बसतं. ते अ‍ॅनोड बॅगेत (निकेलच्या अ‍ॅनोडवर चढवायच्या कापडी पिशवीत) भरून 55 अंशांच्या बाथमध्ये लटकवा.

काळपटपणा तांब्याचा आहे. हल सेलच्या (चाचणीच्या छोट्या प्लेटिंग टाकीच्या) पत्र्यावर, 2 अँपिअरला 5 मिनिटांत, फक्त लो करंटची (कमी करंट मिळणारी) बाजू काळी आली. तळाशी पडलेले पितळी जॉब आणि उघडे तांब्याचे हुक विरघळत राहतात. आधी ते चुंबकाने नाही, हाताने काढावे लागतात. पितळ चुंबकाला लागत नाही. मग नागमोडी पत्र्यावर डेसिमीटर चौरसाला 0.2 ते 0.5 अँपिअरने डमी चालवा (म्हणजे टाकाऊ पत्र्यावर प्लेटिंग करून तांबं काढून घ्या), खाचांतला थर उजळ येईपर्यंत.

चमक कमी दिसली म्हणून दर पाळीला अंदाजाने ब्राइटनर ओतलं गेलं, खरं नुकसान तिथे झालं. जास्तीच्या ब्राइटनरने थर ठिसूळ होतो, वाकवला की सुटतो. ब्राइटनर अँपिअर-अवर (करंट गुणिले तास) मोजूनच घालायचं असतं.

हे जास्तीचं ब्राइटनर काढायला दोन दिवस का लागतात? आधी लिटरला 1 ते 2 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड, मग 60 ते 65 अंशांवर ते पूर्ण उडवायचं, मग 2 ते 4 ग्रॅम कार्बन, ढवळणं, रात्रभर निवळणं, आणि दुसऱ्या टाकीत गाळणं. घाई केली तर कार्बनचे कण जॉबवर बसतात. कार्बनसोबत वेटर (खड्डे रोखणारं रसायन) आणि ब्राइटनरही जातं, म्हणून हल सेल पाहून ते पुन्हा घालावं लागतं. हे काम एका पाळीत उरकून देतो म्हणणाऱ्यावर आमचा विश्वास नाही.

पाण्याचंही बघा. मे महिन्यात टाकीतून भरपूर पाणी उडतं आणि ती तूट बोअरच्या पाण्याने भरली जाते. पाणी उडतं, कॅल्शियम मागे राहतं. बाथ गरम असताना कॅल्शियम सल्फेटचे सुईसारखे कण तयार होतात आणि जॉबच्या वरच्या बाजूला खरखर येते. टॉप-अप डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यानेच करा.

पीएच 3.8 ते 4.5 ठेवा. तो रोज थोडा चढणं नॉर्मल आहे, पातळ सल्फ्युरिक घालून उतरवा. उतरत असेल तर मात्र अ‍ॅनोडच्या बास्केट रिकाम्या आहेत का आणि अ‍ॅसिड डिपनंतरची (प्लेटिंगआधी जॉब अ‍ॅसिडमध्ये बुडवल्यानंतरची) धुलाई नीट होते का, ते तपासा.

डमी झाल्यावर, काहीही घालायच्या आधी, गरम आणि ढवळलेल्या बाथचं एक लिटर सॅम्पल प्लास्टिकच्या स्वच्छ कॅनमध्ये पाठवा. टेस्टिंगचे पैसे घेणार नाही, आणि हल सेलचा पत्रा तुमच्यासमोर काढू.