हिल्डीला बाई केलं, तिथेच जिंकले

सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने लिहिलं, "रिमेक करणाऱ्यांकडे स्वतःचं डोकं नसतं." कुठल्याशा येऊ घातलेल्या हिंदी सिनेमावरून चाललं होतं. खाली टाळ्यांचा पाऊस. मी विचारलं, सगळेच का रे? तर म्हणतो, "मावशी, ओरिजिनल ते ओरिजिनल." दुपारपर्यंत गप्प बसले. आता बसवत नाही.

'धडक'वरचा राग मला समजतो. 'सैराट'मधली जात पातळ केली, गाव बदललं, भाषा गेली. मग उरलं काय? मान्य. पण गणपतीत याच घरात सगळे मिळून 'अशी ही बनवाबनवी'चे संवाद म्हणतात, तो सिनेमा १९६६च्या 'बीवी और मकान'वरून केलेला आहे. लक्ष्याची पार्वती कुणाला उसनी वाटते? सांगा ना.

मला खरं तर 'हिज गर्ल फ्रायडे'बद्दल लिहायचंय. १९४०चा इंग्रजी सिनेमा, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. तो 'द फ्रंट पेज'चा रिमेक. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांचं १९२८चं नाटक, त्यावर १९३१मध्ये एकदा सिनेमा झालेला. दोघेही लेखक शिकागोच्या वर्तमानपत्रांत काम केलेले, म्हणून ती प्रेसरूम खरी वाटते. गोष्ट अशी: वॉल्टर बर्न्स हा संपादक आणि हिल्डी जॉन्सन हा त्याचा सगळ्यात चांगला बातमीदार. हिल्डी लग्न करून नोकरी सोडून निघालाय आणि वॉल्टर त्याला काही केल्या जाऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका माणसाला फाशी व्हायची असते आणि तो तुरुंगातून पळतो. नाटकात आणि पहिल्या सिनेमात हिल्डी पुरुष आहे.

हॉक्स सांगायचा की एकदा संवाद वाचून बघताना हिल्डीची वाक्यं एका बाईने वाचली, आणि त्याला वाटलं हे तर जास्त चांगलं लागतंय. मग हिल्डी बाई झाली, वॉल्टरची घटस्फोटित बायको झाली. एवढा एक बदल, आणि दोन दोस्तांची धमाल गोष्ट एकदम माझी गोष्ट झाली.

माझी म्हणजे अक्षरशः माझी. जुन्या मित्रमैत्रिणींना माहीत आहे, मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते. लग्न ठरलं, सासर लांब, राजीनामा दिला. शेवटच्या संध्याकाळी घाटात एसटीला अपघात झाल्याचा फोन आला. डेस्कवर माणसं कमी. मी पर्स खाली ठेवली आणि बसले. तालुक्याचा वार्ताहर फोनवर ओरडून नावं सांगतोय, मी लिहितेय, बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती गेलेली, शहर आवृत्तीचं पान थांबवून धरलेलं. बाबा खाली स्कूटर घेऊन उभे. पान सुटलं. मग मला नारळ आणि खण दिला आणि सगळे म्हणाले, चांगलं झालं, सुखी राहा.

कुणी एक जण म्हणाला नाही की जाऊ नकोस, तू चांगलं लिहितेस.

आता वॉल्टर बघा. कॅरी ग्रँट त्याला इतका देखणा आणि इतका हरामखोर करतो की राग यायच्या आत हसू येतं. हिल्डीचा नवरा व्हायला निघालेला ब्रूस, ऑल्बनीचा विमा एजंट, याच्यावर चोरीचा आळ घालून त्याला आत टाकतो. सुटला की पुन्हा दुसऱ्या भानगडीत अडकवतो. सरळ सरळ नीचपणा आहे, मी त्याची वकिली करत नाही. पण तो हे सगळं का करतो? तिच्यासारखं कुणी लिहीत नाही म्हणून! प्रेम आहेच, पण त्याला ती टाइपरायटरपाशी हवी आहे. हिल्डी पुरुष असताना हे नुसती खोडी वाटायचं. बाईच्या बाबतीत, तेही १९४०मध्ये, एक संपादक तिच्या कामासाठी जिवाचं रान करतो, हे पडद्यावर बघताना मला धरून ठेवावं लागलं होतं स्वतःला. पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला होता. शेजारचे हसत होते, मीही हसत होते आणि मला ती खणाची घडी आठवत होती.

आणि रोझलिंड रसेल! हिल्डीसाठी आधी जीन आर्थर, कॅथरीन हेपबर्न, आयरीन डन यांच्याकडे विचारणा झालेली, त्यांनी नाही म्हटलेलं. उरलेलं पान म्हणून आली, तरी ती बिचकली नाही. संवादांत ग्रँटच जास्त मारतोय असं वाटल्यावर तिने स्वतःच्या पैशाने जाहिरातींचा एक लेखक गाठला आणि आपल्या वाक्यांना धार लावून घेतली. पट्ट्यापट्ट्यांचा कोट, तिरकी टोपी, एका हाताने टाइप, दुसऱ्या हातात फोन. तुरुंगाच्या वॉर्डनला पळत जाऊन रस्त्यावर लोळवते. आणि तीच बाई कोठडीत त्या फाशीच्या कैद्याची, अर्ल विल्यम्सची, मुलाखत घेताना आवाज इतका खाली आणते की अख्खा सिनेमा थांबून ऐकतो. जॉन क्वालनचा तो बावरलेला अर्ल विसरता येत नाही.

ब्रूस झालेला राल्फ बेलामी तर मला फार आवडतो. त्याला मूर्ख करणं सोपं होतं. त्याने भला माणूस केला. छत्री घेऊन येणारा, आईला सोबत आणणारा. त्याच्याशी लग्न केलं तर हिल्डी सुखी झाली असती, हे तो आपल्याला पटवून देतो, म्हणून तर तिचा निर्णय खरा वाटतो.

ती कोठडीतून येऊन लिहायला बसते, उठून जाते, आणि बाकीचे वार्ताहर तिच्या टाइपरायटरमधला कागद मोठ्याने वाचतात. टवाळ, पत्ते कुटणारे लोक. वाचून गप्प होतात आणि म्हणतात, ही मुलाखत लिहावी तर हिने. 'बाईच्या मानाने' नाही, नुसतं 'हिने'. माझ्या त्या अपघाताच्या बातमीवर दुसऱ्या दिवशी छापलं होतं, 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

इथवर लिहिताना जरा निवले. वृत्तसंपादक वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटत असणार की पोरीचं भलं होतंय. बाबांनाही तेच वाटत होतं, आणि त्या काळोखात स्कूटरपाशी ते किती वेळ उभे होते, चिडले नाहीत, हेही मी विसरलेले नाही. पण भलं वाटणं वेगळं आणि अडवणं वेगळं.

१९३१च्या सिनेमाला ऑस्करची तीन नामांकनं होती. या रिमेकला एकही नाही. आज कोणता लोक पुन्हा पुन्हा पाहतात? आणि नुसतं बाई करून भागत नाही हेही कबूल. मॉली मॅलॉय नावाची दुसरी बाई खिडकीतून उडी मारते आणि सिनेमा तिच्याकडे नीट वळून बघत नाही. तो डाग आहेच.

शेवटी हिल्डी आणि वॉल्टर पुन्हा लग्न करायचं ठरवतात, मधुचंद्राला निघतात, तेवढ्यात ऑल्बनीला संप झाल्याचं कळतं आणि गाडी तिकडे वळते. वॉल्टर पुढे चालतो, बॅग हिल्डीच्या हातात. माझ्या मैत्रिणी यावर चिडतात, आणि चिडायलाच हवं. बॅग कुणी घ्यायची यावरून मी त्याच्याशी जिन्यातच भांडले असते. पण त्या संपाच्या बातमीला मी गेले असते.