एक कान पुरतो, हे खरं नाही

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येणारा संदेश असा: ‘मुलाला एका कानाने ऐकू येत नसेल तरी घाबरू नका. दुसरा कान सांभाळून घेतो. मशीनचा फायदा नसतो, मोठं झाल्यावर बघू. तोवर पहिल्या बाकावर बसवा.’ धीर द्यायला लिहिलेला असणार, पण त्यापायी मुलांची मोलाची वर्षं जातात.

दुसरा कान सांभाळून घेतो, पण शांत खोलीत. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. एकच कान चालत असेल तर ते नीट जमत नाही. गजबजलेल्या वर्गात बाईंचं बोलणं कलकलाटातून वेगळं काढणंही अवघड होतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात बेस आणि थार्प या संशोधकांनी १९८०च्या दशकात अशी मुलं तपासली. सुमारे ३५ टक्के मुलांना निदान एक इयत्ता पुन्हा करावी लागली होती. सगळीच मागे पडत नाहीत, हे खरं. पण कोण पडेल हे आधी सांगता येत नाही.

‘मशीनचा फायदा नसतो’ हे वाक्य मला सगळ्यात खटकतं, कारण कुठलं मशीन आणि कुठला दोष, हेच त्यात नाही. कमी-मध्यम दोष असेल तर साधं श्रवणयंत्र बसतं. कानाची नळीच तयार झालेली नसेल, तर हाडातून आवाज पोचवणारं यंत्र मऊ पट्ट्याने डोक्याला लावतात, अगदी तान्ह्या बाळालाही. त्या कानाने अजिबातच ऐकू येत नसेल तर बाईंच्या गळ्यातल्या माइकवरून आवाज थेट चांगल्या कानात देता येतो. शिवाय कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं, श्रवणाच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र. एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये पाच वर्षांपुढच्या मुलांना ते मंजूर केलं. मात्र श्रवणाची नस असायला हवी, आणि जन्मजात बहिऱ्या कानात ती अनेकदा नसते किंवा बारीक असते. म्हणून आधी एमआरआय.

मोठं झाल्यावर बघू म्हणाल, तर तोवर मेंदू एकाच कानाला सरावलेला असतो आणि इम्प्लांटचा उपयोग कमी होत जातो. शिवाय आतल्या कानाची एक नलिका जन्मतः रुंद असेल, तर डोक्याला मार लागल्यावर उरलेलं ऐकणंही जाऊ शकतं. हे वेळेवर कळायला नको?

पहिला बाक चांगलाच, पण बाजू बघा. उजवा कान चांगला असेल तर फळ्याकडे तोंड करून डावीकडे बसवा, म्हणजे वर्ग चांगल्या कानाकडे येतो. रस्त्याकडची खिडकी मात्र त्या कानाशी नको.