कृषी दर्जा मिळाला, पण चिलापीचं काय?

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा दिला. तेव्हापासून वीजदर, विमा, किसान क्रेडिट कार्ड आणि तलावाचा ठेका कुणाला, एवढीच चर्चा मराठवाड्यातून इथं जपानपर्यंत पोचते. पैठणच्या नाथसागर जलाशयावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाचा वाद आहेच. प्रश्न सगळे खरे, पण मासा पाण्याबाहेर आल्यानंतरचा त्यात एकही नाही. आणि भोई-कहार कुटुंब नागवलं जातं ते तिथंच. पहाटे जाळ्यात आलेली चिलापी (तिलापिया) मे महिन्यात बर्फाविना दुपारपर्यंत राहिली, की व्यापारी म्हणेल तो भाव.

जपानला येऊन गेलेला आपला माणूस सुरिमीवर, म्हणजे माशाच्या धुतलेल्या मांसाच्या गोठवलेल्या लगद्यावर, भाळतो आणि गावी जाऊन यंत्र आणि शीतगृह मागतो. हा नाद सोडावा. गोठवलेल्या मालाला वीज एक रात्रही दगा देऊन चालत नाही. माल एकदा विरघळून पुन्हा गोठला की पाणी सोडतो आणि चोथ्यासारखा लागतो. बघायचं असेल तर बिवा सरोवराकाठची त्सुकुदानी बघा. गोड्या पाण्यातली बारीक मासळी सोया सॉस आणि साखरेत आटवतात, त्यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. ती चव आपल्याकडे खपणार नाही, पण न गोठवता टिकणारा माल करायचा हा हिशेब घेण्यासारखा आहे. आपल्याकडे त्याचं रूप म्हणजे लोणचं.

त्यासाठी चिलापीच घ्यावी. रोहू-कटल्याच्या मांसात दुबेळक्याच्या (इंग्रजी Y च्या) आकाराचे बारीक काटे असतात, ते हातानं निघता निघत नाहीत. चिलापीत ते नसतात. 10 किलो अख्ख्या चिलापीतून बिनकाट्याचं मांस सव्वातीन-साडेतीन किलोच निघतं. मासा 60 रुपये किलो धरला तरी मांस 170-185 रुपयांना पडतं, मजुरी वेगळी. बचत गटांची किंमत इथंच चुकते, कारण हिशेब अख्ख्या माशाच्या भावावर मांडलेला असतो.

1 किलो मांसाच्या दीड-दोन सेंटिमीटरच्या फोडी करून 30 ग्रॅम मीठ चोळावं आणि दोन तास बर्फावर ठेवाव्यात. सुटलेलं पाणी काढून फोडी लालसर, आतून कोरड्या होईपर्यंत तळाव्यात. 200 ग्रॅम लसूण, 150 ग्रॅम आलं, 50 ग्रॅम हिरवी मिरची 200 ग्रॅम तेलात परतून घ्यावी. करडईचं तेल चालतं. मग 50 ग्रॅम तिखट, थोडी हळद, 10 ग्रॅम मोहरी, फोडी, आणखी 30 ग्रॅम मीठ, आणि शेवटी उकळून गार केलेलं 400 मिली व्हिनेगर. लिंबू पिळून भागवू नये, त्याचा आंबटपणा दर वेळी वेगळा असतो. फोड आत ओली राहिली तर तिच्यातलं पाणी आंबटपणा उतरवतं. सामू (आंबटपणाचं माप, pH) 4.5 च्या खाली असलाच पाहिजे. तो वर गेला तर बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि ते विष वासावरून कळत नाही. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात, पण त्या फोडी मुरल्यावर, फोड कुस्करून लावाव्यात. नुसता रस तपासला तर फसगत होते. बरणीत फोडी तेलाखालीच राहिल्या पाहिजेत, वर आलेल्या फोडीला आधी बुरशी धरते.

कटलेट जत्रेत, ढाब्यावर त्याच दिवशी संपवायचे: शिजवलेला खिमा 1 किलो, बटाटा अर्धा किलो, कांदा पाव किलो. बटाटा पाणी धरून राहिला की कटलेट तेलात फुटतं.

विक्रीची गोष्ट मात्र जपानकडून जशीच्या तशी उचलावी. तिथल्या सरकारनं 1993 पासून हमरस्त्यांवर ‘मिचि-नो-एकि’ ही थांब्यांची केंद्रं नोंदवायला सुरुवात केली. त्यांतल्या विक्री दालनांत उत्पादक भाव स्वतः ठरवतो, नाव स्वतःचं लावतो, उरलेला माल परत नेतो आणि केंद्र कमिशन कापतं. पैठणला नाथषष्ठीत मासा विकायचं स्वप्न कुणी बघू नये. श्रावण आणि नवरात्रातही गिऱ्हाईक तुटतं, म्हणून कटलेटपेक्षा लोणच्यावर भर.

शिकवायला उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय घरचंच आहे. मत्स्यसंपदा योजनेत महिलांना 60 टक्के अनुदान आहे, पण ते खर्च केल्यावर हाती येतं, आणि मासे रोज सकाळी रोखीनं घ्यावे लागतात. तेव्हा पहिला हंगाम मच्छीमार संस्थेनं बायकांच्या गटाला मासा उधारीवर द्यावा. तसा ठराव सर्वसाधारण सभेत करावा लागेल, आणि मासा साफ करणाऱ्या बायकांची नावं अनेक संस्थांच्या सभासद यादीतच नाहीत.