पहिल्या सेटशी एकनिष्ठ राहा

कॅट या एमबीए प्रवेश परीक्षेच्या डीआयएलआर (आकडेवारी वाचणं आणि तर्क लढवणं) विभागाला 40 मिनिटं मिळतात. त्यातली पहिली चार-पाच मिनिटं सगळे सेट, म्हणजे एकाच माहितीवरचे प्रश्नगट, नुसते चाळून 'कोणता घ्यायचा' हे ठरवण्यात घालवणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका. स्क्रीनवर जो आधी आला तो आपला. पेपर काढणाऱ्याने पहिला ठेवलाय म्हणजे सोपाच असणार. माणसाच्या चांगुलपणावर एवढा तरी विश्वास हवा.

आता त्या सेटमध्ये आठ जण गोल टेबलाभोवती बसायला निघालेत. काहींची तोंडं आत, काहींची बाहेर. कोण कुणाच्या अगदी समोर बसतो, ही एकमेव ठाम अट शेवटून दुसऱ्या ओळीत दडवलेली असते. तिथवर वाचायच्या आतच आकृती काढायला घ्या. सुरुवात 'अमुक हा तमुकच्या शेजारी नाही' अशा अटीपासून करावी, म्हणजे मोकळीक भरपूर मिळते. दोन शक्यता निघाल्या तर आवडेल ती ठेवा. दोन्ही कागदावर मांडणं हा संशयी स्वभाव झाला. मग बाराव्या मिनिटाला दोघं एकाच खुर्चीत आले की सगळं खोडून तेच, त्याच क्रमाने, पेन जरा जास्त दाबून पुन्हा लिहा. सेट सोडायचा मात्र नाही! बारा मिनिटं घातलीत. अठरा झाल्यावर तर प्रश्नच मिटला. पुढे साधा बार चार्ट वाट बघत असेल, तर असू दे.

चुकून त्या चार्टपाशी पोहोचलातच, तर उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की 400 पासून, हे बघत बसू नका. दांडा दुप्पट उंच म्हणजे विक्री दुप्पट. वाटा 20 टक्क्यांवरून 25 वर गेला की वाढ 5 टक्के लिहून मोकळं व्हा. ती 25 टक्के आहे म्हणणारे जात्याच भांडखोर. पर्याय 1200, 1900, 2700 असे लांब लांब असले, तरी स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर उघडून चार दशांशांपर्यंत जा. अंदाज आळशांनी करावा.

नॉकआउट स्पर्धेत 128 खेळाडू असतील तर 64, 32, 16 अशी फेरीफेरीने बेरीज करा. प्रत्येक सामन्यात एक जण बाहेर पडतो आणि शेवटी एकच उरतो, म्हणून सामने 127, असं झटकन सांगणाऱ्याला खेळातली गंमतच कळत नाही.

पर्यायांच्या प्रश्नात चुकलं की 1 गुण कापला जातो. तिथे बिनधास्त ठोकून द्या. उत्तर टाइप करायच्या प्रश्नात चुकीला काहीच कापत नाहीत. ते कोरे ठेवा, स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

मॉक, म्हणजे सराव परीक्षा, संपल्यावर फक्त पर्सेंटाइल (किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा) बघावं. अडलेला सेट दुसऱ्या दिवशी घड्याळ न लावता सोडवून पाहणं म्हणजे गेलेल्याची उणीदुणी काढणं. पर्सेंटाइल घसरलं तर पेपर अवघड होता म्हणा. अवघड असेल तर तो बाकीच्यांनाही अवघडच होता, असं कुणी म्हणालं तर त्याला ग्रुपमधून काढून टाका.