‘दोन क्लिकचं काम’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. बंद पडलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क केसिंगमध्ये घालून नव्या लॅपटॉपला लावली, तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. यूट्यूबवर दोन ओळींत होणारं काम, त्यासाठी दुकानाने डिस्क रात्रभर ठेवून घेतली, १,२०० रुपये लावले, आणि एवढं करून एक फोल्डर उघडतच नाही. शिवाय, माझा पासवर्ड न विचारता यांनी फाइली उघडल्या कशा, असंही तुम्ही विचारलंय. उत्तर देतो. तुमच्या फोल्डरांमध्ये काय आहे ते अर्थातच इथे लिहिणार नाही.

कमांड दोनच आहेत, हे खरं. टेकओनने मालकी घ्यायची, आयकॅक्ल्सने परवानगी द्यायची. पण तुमच्या डिस्कच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, खराब सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) दिसत होते. तो रिपोर्ट पावतीला जोडलेला आहे. परवानग्या बदलायच्या म्हणजे एकेका फाइलची नोंद डिस्कवर नव्याने लिहायची. डगमगत्या डिस्कवर आधी पूर्ण प्रत काढल्याशिवाय मी काही लिहीत नाही, मग गिऱ्हाईक घाईत असो की नसो. १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी पावणेतीन तास जातात, आणि खराब सेक्टरवर अडली की किती लागतील याचा नेम नाही. १,२०० पैकी ८०० तपासणी आणि प्रतीचे, परवानग्यांचे ४००. तुम्ही डिस्क तपासून ताब्यात घेतल्यावर आमच्याकडची प्रत पुसली.

आता पासवर्डचं. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक नंबर असतो आणि कुठल्या नंबरला काय करू द्यायचं, ते एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची नेहमीची पद्धत) डिस्कवर फाइलीसोबत नोंदलेलं असतं. नव्या लॅपटॉपवर तुम्ही तेच नाव ठेवलंत, नंबर मात्र नवा. सिक्युरिटी टॅबमध्ये ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारे आकडे काउंटरवर दाखवले होते, ते तुमचंच जुनं खातं. ही अडवणूक कुठल्याही कॉम्प्युटरचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दूर करू शकतो, जुना पासवर्ड लागतच नाही. म्हणजे तुमची काळजी रास्त आहे, फक्त ती आमच्या दुकानापुरती नाही: डिस्क ज्याच्या हाती पडेल तो हेच करील. ते नको असेल तर बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजचीच सोय, लावा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरात ठेवा. त्याच डिस्कवर सेव्ह करू नका, असे महाभागही येतात.

न उघडणाऱ्या फोल्डरची गोष्ट निराळी. त्यातल्या फाइलींच्या आयकॉनवर छोटं कुलूप दिसतं, बघा. जुन्या लॅपटॉपवर विंडोज प्रो होतं आणि त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स’वर कधीतरी टिक झालेली आहे. मेसेज तोच येतो, ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’, त्यामुळे दोन्ही भानगडी एकच वाटतात. पण इथे मालकी घेऊन भागत नाही. फाइल खरोखरच गुप्त केलेली आहे आणि तिची किल्ली जुन्या विंडोजमधल्या तुमच्या खात्यात आहे. ती काढायची तर जुनं विंडोज सुरू व्हायला हवं. डिस्क देताना हे तोंडी सांगितलं होतं, पावतीवरही लिहिलंय.

म्हणूनच यूट्यूबवाल्यांसारखं अख्ख्या डिस्कला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, केलं नाही. विंडोजच्या बहुतेक फाइलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाच्या खात्याकडे असते. त्या ढवळल्या की जुनं विंडोज पुन्हा सुरू होईलच असं नाही. कमांड फक्त तुमच्या फोटो, डॉक्युमेंट आणि डेस्कटॉपवर चालवली.

आता डिस्क फॉरमॅट करू नका. ‘एक्सफॅट करून टाक, परवानग्यांची कटकटच नको’ असं तुमचे मित्र म्हणाले होते. एक्सफॅट ही फाइली ठेवायची दुसरी, साधी पद्धत, तिच्यात परवानग्या नसतात हे बरोबर, पण फॉरमॅटमध्ये किल्लीही जाईल. आणि जुन्या खात्याचा पासवर्ड पेनड्राइव्हवरच्या टूलने कुणाकडून रीसेट करून घेऊ नका, तसं केलं की किल्ली असून नसल्यासारखी होते. जुना पासवर्ड आठवत असेल तर डिस्क घेऊन या. आमच्या एखाद्या लॅपटॉपवर जुनं विंडोज सुरू करून पाहू. लॉगिन झालं तर सर्टिफिकेट, म्हणजे तीच किल्ली, बाहेर काढून तुमच्या नव्या लॅपटॉपवर टाकून देऊ. होईलच अशी खात्री देत नाही, पण त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. येण्याआधी फोन करा.